दोन माणसांचं वारं

आमच्या किनाऱ्यावर पूर्वी वारं माणसांवर मोजत. सकाळी चूळ भरता भरता म्हातारे एकमेकांना विचारायचे, "आज किती माणसांचं?" एका माणसाचं वारं म्हणजे होडी कलू नये म्हणून एकाने वाऱ्याकडच्या उलांडीवर, म्हणजे होडीच्या बाजूला आधाराला बांधलेल्या बांबूंवर, जाऊन उभं राहायचं. दोन माणसांचं म्हणजे दोघांनी. तीन माणसांचं असलं की बायका नवऱ्यांना सोडत नसत, आणि चार माणसांचं असलं की नवरे आपणहून चर्चमध्ये जाऊन बसत. आता प्रत्येक होडीला इंजिन आहे. वारं किती हे कुणी विचारत नाही, टाकीत तेल किती ते विचारतात.

मला हे सगळं लग्नानंतर कळलं. माझं माहेर पनाय बेटाच्या आतल्या अंगाला, तांबड्या मातीच्या गावात. वडील कुंभार. आम्ही सगळ्या बहिणी माती तुडवत मोठ्या झालो. माझं नाव बासिलिसा, पण घरीदारी मला सिलिंग म्हणत. रुफिनो दरवर्षी नाताळानंतर आमच्याकडे मडकी भरायला यायचा. बैलगाडीवरून ती किनाऱ्यावर न्यायची, तिथून होडीत घालून पश्चिमेच्या बेटांवर विकायची, हा त्याच्या घरचा धंदा. एकेक मडकं उचलून बोटाच्या पेराने वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. एका वर्षी तो एकच मडकं पुन्हा पुन्हा वाजवायला लागला तेव्हा वडील म्हणाले, "अरे बाबा, मडकं चांगलं आहे. तुला पोरगी हवी असेल तर सरळ विचार."

अशी मी किनाऱ्यावर आले.

घरात सासू आणि नवरा, दोघंच. सासूचं नाव कॉन्सोर्सिया, गाव तिला नानाय सोरा, म्हणजे सोरा आई, म्हणायचं. वाळलेल्या माशासारखी सडपातळ बाई. जाड विडी ओढायची तीही जुन्या पद्धतीने, पेटलेलं टोक तोंडात आत ठेवून, म्हणजे समुद्रावरच्या वाऱ्याने विझत नाही. सासरे वारले तेव्हा रुफिनो लहान होता. लोकांना वाटलं होतं ही होडी विकेल. तिने विकली नाही, स्वतः सुकाणू धरलं. आमच्या बाजूला होडीची तांडेल बाई अशी ती एकटीच.

तिला मी आवडले नाही. मी अंगाने चांगली दणकट, आणि समुद्राचं मला काही कळत नव्हतं. लग्नाच्या जेवणातच, डुकराच्या मटणाचा रस्सा वाढता वाढता, ती शेजारणींना म्हणाली, "पोराला मडकी आणायला पाठवलं होतं. हा कुंभारीणच घेऊन आला."

शेजारीण म्हणाली, "चांगली धडधाकट आहे की."

"हो, तेवढं बरं आहे. पडली तरी फुटायची नाही."

मी मान खाली घालून भात खाल्ला. रुफिनो हसला म्हणून रात्री त्याच्याशी बोलले नाही.

आमच्या होडीचं नाव 'सांता क्लारा'. मोठा पाराव होता तो, शिडाची होडी. मधलं अंग एकाच लाकडातून कोरलेलं, वर फळ्या चढवलेल्या, आणि दोन्ही बाजूंना लांबवर बांबूच्या उलांड्या. त्या होडीच्या अंगाला आडव्या वाशांनी जोडलेल्या. कुठेही खिळा नाही, सगळं वेताने आवळून बांधलेलं. सासऱ्यांनी स्वतः बांधली होती. मध्यावर झावळ्यांचं छप्पर, त्याखाली आम्ही तिघं झोपायचो आणि बाकी सगळीकडे भात्याणात रचलेली मडकी. माझ्या वडिलांचीच मडकी, पण समुद्रावर त्यांच्याकडे पाहिलं की मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं.

जानेवारीत ईशान्येचं वारं स्थिरावलं की निघायचं आणि ते वारं पाठीवर घेऊन कुयो बेटांकडे उतरायचं. तिथं बेटाबेटांतून हिंडत मडकी विकायची. मग जूनच्या तोंडाला वारं फिरून नैऋत्येचं झालं, हाबागात सुरू झाला, की त्याच्या पाठीवरून घरी यायचं. वर्षाचा अर्धा भाग पाण्यावर. निघायच्या आदल्या दिवशी नानाय सोरा जोगिणींच्या मठात अंडी देऊन यायची, जिचं नाव होडीला दिलं त्या संतीण सांता क्लाराने हवा बरी ठेवावी म्हणून. त्या वर्षी तिने नेहमीपेक्षा जास्त अंडी दिली. रुफिनोने कारण विचारलं तर म्हणाली, "या वेळी वजन जास्त आहे."

पहिल्या दिवशी मी ओकून ओकून रिकामी झाले. दुपारी वारं वाढलं. नानाय सोरा सुकाणूवरून ओरडली, "एक माणूस!" रुफिनो उठला, तर म्हणाली, "तू बस. हिला जाऊ दे. खाते ते कुठेतरी कामी येऊ दे."

मी त्या आडव्या वाशावरून कशी गेले ते माझं मला ठाऊक. वर डोलकाठीवरून येणारा दोर एका हाताने धरायचा, पाय बांबूवर आडवे टाकायचे, आणि खाली पाणी असं पळत असतं की नजर गेली तर आपणच पळतोय असं वाटावं. टोकाला पोहोचले आणि दोराला लोंबकळून मागे रेलले. तशी होडी सरळ झाली. अगदी हळू, पण मला ते पायांत कळलं. पलीकडची उलांडी पाण्यातून सुटली आणि सगळा पाराव मोकळा होऊन धावायला लागला. ओकारी कुठं गेली कोण जाणे. मी संध्याकाळपर्यंत तिथंच उभी होते. रुफिनो सारखा बोलवत होता, "सिलिंग, ये आता, जेव." मला आत यायचं नव्हतं.

 दुसऱ्या दिवसापासून "एक माणूस" म्हटलं की मीच जायचं, हे ठरून गेलं.

ते महिने मला अजून आठवतात. एखाद्या बेटाजवळ पोहोचलो की रुफिनो शंख फुंकायचा. किनाऱ्यावर बायका जमायच्या, पोरं पाण्यात उड्या टाकून पोहत यायची. मडक्याचा भाव ठरलेला असायचा, मडक्यात मावेल तेवढा माल. काजू पिकवणारं बेट असेल तर मडकंभर काजू, भात असेल तर मडकंभर भात, नाहीतर सुकी मासळी. बायका काजू मोजून काठापर्यंत घालायच्या आणि नानाय सोरा मडकं हळूच हलवायची, म्हणजे काजू खाली बसायचे.

"हलवू नका हो," बाई म्हणायची.

"मी कुठं हलवते, भुई हलते आहे," नानाय सोरा म्हणायची. "आम्ही समुद्रावरची माणसं, आम्हाला सगळंच हलतं."

मग दोघी हसायच्या आणि बाई आणखी एक ओंजळ टाकायची. मी मागं बसून चिरा गेलेली मडकी डिंक आणि चुना लावून सांधायची. बायकांना कळलं की ही कुंभाराची मुलगी, की त्या जुनी मडकीही घेऊन यायच्या. त्यावरून आमची बोलणी व्हायची, कुणी भाजलेलं रताळं द्यायचं, कुणी माडी. संध्याकाळी होडी वाळूवर ओढून ठेवली की सासू तंगड्या पसरून विडी ओढायची आणि रुफिनो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा. ती तिकडे पाहिलं न पाहिलंसं करायची. चांगलेपणाचं एक वाक्य माझ्याशी बोलली नाही, पण मासळीचं डोकं, जे तिला स्वतःला आवडायचं, ते ताटात माझ्या बाजूला सरकवलेलं असायचं.

मे संपता संपता आम्ही पालावानकडच्या एका बेटावर होतो आणि तिथं रुफिनोला ताप भरला. तिकडचा तो वाईट ताप, थंडी वाजून येणारा. एक दिवस बरा असायचा, एक दिवस दात वाजायचे. आमच्याजवळ औषध नव्हतं. हाबागात सुरू झाला होता. नानाय सोराने एक सकाळ आभाळ पाहण्यात घालवली आणि म्हणाली, "घरी नेऊ. इथं ठेवून काय करायचं?"

मी विचारलं, "नानाय, आणि वारं वाढलं तर? आपण दोघीच."

"दोघी कशा? मी सुकाणूवर. म्हणजे तू एकटी." मग म्हणाली, "एका माणसाचं आहे तोवर जाऊ. दोन माणसांचं झालं तर बघू."

कुयो मागं पडलं तोवर सगळं ठीक होतं. आमचं तोंड पूर्वेला, घराकडे. वारं उजव्या अंगाने मागून येत होतं आणि मी उजवीकडच्या उलांडीवर. रुफिनो छपराखाली गोधडीत. मडकी बहुतेक विकली गेली होती, त्यामुळे होडी हलकी, काजूच्या पोत्यांनी तिला म्हणावं तसं दाबून धरलं नव्हतं. दुपारनंतर नैऋत्येकडून काळं येताना दिसलं. नानाय सोराने शीड निम्मं गुंडाळलं. तरी पहिला झोत आला तेव्हा माझ्या पायाखालची उलांडी पाण्यातून हातभर वर उचलली गेली.

"मागे रेल!" ती ओरडली. "पुरती रेल!"

मी दोराला धरून पाठ समुद्रालाच टेकवली म्हणा ना. होडी खाली येईना. ते दोन माणसांचं वारं होतं, दुसरं माणूस गोधडीत कुडकुडत होतं. रुफिनोला ते कळलं. तो उठून सरपटत माझ्याकडे यायला लागला, तशी त्याची आई म्हणाली, "पडून राहा. तू उठलास तर मला दोन माणसं समुद्रातून काढावी लागतील."

दुसऱ्या झोताला पलीकडची, डावीकडची उलांडी पाण्यात पुढून घुसली. मला आवाज ऐकू आला, जाड ऊस मोडावा तसा. पुढच्या वाशाचा वेत तुटला, बांबू फाटले आणि अर्धी उलांडी सुटून होडीच्या अंगावर आपटायला लागली.

नानाय सोराने शिडाचा दोर सोडून दिला. शीड नुसतं फडफडायला लागलं आणि होडी उभी राहिली, डावीकडे कलून. तिला धरून ठेवणारी मी एकटी, उजवीकडे. "तिथून हलू नकोस," ती म्हणाली. या वेळी ओरडली नाही. अगदी घरात बोलावं तशी म्हणाली. "हललीस तर पालथे होऊ. मी सांगते ते नीट ऐक."

तिने मला जे सांगितलं ते असं. घर पूर्वेला आहे. पूर्वेला जायचं तर सगळा भार मोडक्या बाजूवर येणार, म्हणजे आपण पोहोचणार नाही. तेव्हा आता घराचं नाव काढायचं नाही. तोंड उत्तरेला फिरवायचं. तसं केलं की वारं डावीकडून येईल आणि भार उजवीकडच्या चांगल्या उलांडीवर पडेल. उत्तरेला बेटं आहेत. कुठलं मिळेल ते मिळेल. पण शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाईल त्या क्षणाला मी उजवीकडून मधे यायला हवं. आधी आले तर डावीकडे पालथे, उशीर केला तर उजवीकडे.

"मला कसं कळणार कधी ते?" मी विचारलं.

"पायांना कळेल," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी कळलं होतं तुझ्या पायांना. मी बघितलं होतं."

मी देवाचं नाव घेतलं नाही, खरं सांगते, सुचलंच नाही. तिने सुकाणू दाबलं. होडीची नाळ, ते पुढचं टोक, हळूहळू फिरली, लाट मागून आली, शीड एकदा पोकळ झालं आणि पायाखालचा बांबू जड झाला. मी धावले. त्या वाशावरून मी कधी धावले नव्हते, नंतरही कधी धावले नाही. मी मधे येऊन पडले तेव्हा शीड डोक्यावरून पलीकडे गेलं, उजवी उलांडी पाण्यात बसली आणि तिने भार घेतला. होडी सरळ उभी राहिली.

मग कोयता घेऊन मी डावीकडच्या वाशांवर गेले, जे बांबू आपटत होते ते तोडले, जे वाचले होते ते दोराने आवळले आणि तिथंच, होडीच्या अंगालगत वाशावर, वजन म्हणून बसून राहिले. लाटा कमरेवरून जात होत्या. रुफिनो छपराखालून हात बाहेर काढून माझ्या परकराचं टोक धरून बसला होता. मी पडले असते तर त्याने काय केलं असतं कोण जाणे, पण त्याने सोडलं नाही.

बराच वेळ गेला. झोत सरले, वारं एकसारखं झालं. मागं वळून पाहिलं तर नानाय सोराची बोटं सुकाणूवर अशी वळली होती की उघडेनात. लेकीला हाक मारावी तशी ती म्हणाली, "इंदाय, ये इकडे. धर."

"मला येत नाही."

"मला तरी कुठं येत होतं."

मी धरलं. ती माझ्या पायाशी बसली, हात काखेत घालून, आणि हनुवटीने दाखवत राहिली. थोडं इकडं. पुरे. आता तसंच. सूर्य खाली आला तेव्हा नाळेपुढे एक लहानसं, माडांनी भरलेलं बेट वर आलं.

किनाऱ्यावरची माणसं कमरेइतक्या पाण्यात आली आणि त्यांनी होडी धरली. त्यांत एक म्हातारा होता, रुंद खांद्यांचा, डोक्यावर झावळीची टोपी. रुफिनोला लोकांनी उचलून नेलं. म्हाताऱ्याने मात्र आधी मोडकी उलांडी हाताने चाचपली आणि विचारलं, "ही बांधली कुणी?"

"माझ्या नवऱ्याने," नानाय सोरा म्हणाली.

"बोलवा त्याला. दोन शब्द बोलायचेत."

"तुम्हीच जा त्याच्याकडे. दफनभूमीत आहे."

म्हाताऱ्याने टोपी काढली. "मग त्याचं काम चांगलंच होतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं टिकलं."

त्याचं नाव तिबुर्सियो, बेटावर सगळे मानोंग बुर्स्यो, म्हणजे बुर्स्योदादा, म्हणायचे. होड्या बांधणारा. बायको काही वर्षांपूर्वी गेली होती, मुलं मनिलाला. त्याच्या घराच्या मागं छपरीत बांबू रचून ठेवले होते, समुद्राच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवलेले, लांबसडक, एकही कीड नाही. स्वतःसाठी पाराव बांधायला ठेवले होते, पण बायको गेल्यावर बांधायचं राहून गेलं. तेच त्याने आमच्यासाठी काढले.

नानाय सोरा म्हणाली, "तुमच्या होडीचे आहेत. आम्ही हिरवे तोडून घेऊ."

"हिरवा बांबू पाणी पितो. माझे बांबू पडून पडून म्हातारे व्हायला लागलेत. त्यांना कुठंतरी जाऊ द्या."

शाळेच्या मास्तरांकडे तापाच्या कडू गोळ्या मिळाल्या. मी रुफिनोजवळ बसून आल्याचं पाणी पाजायची आणि बाहेर त्या दोघांची भांडणं ऐकायची. मानोंग बुर्स्योला उलांडीचं पुढचं टोक जाळावर शेकून वर वाकवायचं होतं, म्हणजे ती लाटेत घुसणार नाही. नानाय सोराला ती सरळ हवी होती, नवऱ्याने बांधली होती तशी.

"सरळ होती म्हणूनच घुसली ना," तो म्हणायचा.

"इतक्या वर्षांत एकदाच घुसली."

"बाई, समुद्रात एकदाच पुरतं."

बांधायला नायलॉनची दोरी की वेत, यावर मात्र दोघांचं एका शब्दात जमलं. नायलॉन बांबू कापतं, वेत पाण्याने फुगतो आणि आवळून बसतो. त्या दिवशी ते समोरासमोर बसून दिवसभर वेत सोलत राहिले. दुपारी मला एक विचित्र आवाज ऐकू आला, कुणीतरी कोंबडी पकडतंय असा. रुफिनोने डोळे उघडले.

"ते काय आहे?" त्याने विचारलं.

मी खिडकीतून पाहिलं. "तुझी आई हसते आहे."

त्याने कपाळाला हात लावला. "अजून ताप आहे मला," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

शेवटी टोक वाकवलंच. जाळ मी धरला, बांबू त्या दोघांनी दाबला, आणि तो हळूहळू असा वळला की जणू त्याला तसंच वाढायचं होतं. नानाय सोराने लांब जाऊन, मान तिरकी करून पाहिलं. "दिसतं बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती. तिने उरलेली उलांडीही तशीच करायला सांगितली.

रुफिनो उभा राहायला लागला तसे आम्ही निघालो. मानोंग बुर्स्योने काही घेतलं नाही, काजूचं एक पोतंही नाही. एक मडकं मात्र ठेवून घेतलं, पाण्याचं. पाण्यात उभा राहून म्हणाला, "उलांडी कशी चालते ते कळवा."

"कळवायला टपाल कुठं आहे इथं," नानाय सोरा म्हणाली.

"मग येऊनच सांगा."

ती सुकाणूवर बसली होती. तिने विडी उलटी करून पेटलेलं टोक बाहेर काढलं, राख झटकली, पुन्हा आत घातलं. 

घरी आल्यावर रुफिनोच्या मनातून ती दुपार गेली नाही. त्याला इंजिन हवं होतं. तोवर गावात बऱ्याच जणांनी घेतलं होतं. तो म्हणायचा, "इंजिनाला ताप येत नाही. त्याला माणूस उभं करावं लागत नाही." त्यात त्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. माझा परकर धरून बसलेला तो, त्याने काय काय पाहिलं असेल. पण आई 'सांता क्लारा'ची डोलकाठी कापू देईना. "इंजिन घे, नव्या होडीला लाव. हिला नाही." महिनोन्महिने घरात तेवढंच बोलणं. शेवटी त्याने नवी होडी केली, आणि सांता क्लारा वाळूवर झावळ्यांखाली पडून राहिली.

पुढल्या हाबागाताच्या तोंडाला नानाय सोराने एका सकाळी पेटी भरली. कपडे, विड्या, सासऱ्यांचा फोटो.

"कुठं निघालीस?" रुफिनोने विचारलं.

"उलांडी कशी चालते ते सांगायला."

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तो लाल झाला. "आई, या वयात? लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येणार नाही."

 तो दिवसभर कोंबड्यांच्या खुराड्याजवळ बसून राहिला. मी सांता क्लारावरच्या झावळ्या काढल्या, वेत पाणी मारून भिजवले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी होडी लोटायला गेलो तर तो आधीच पाण्यात उभा होता, उलांडी धरून. आमच्याबरोबर चढला आणि वारं वाढलं तसा जाऊन टोकाला उभा राहिला. मी म्हटलं, मी जाते, तू बस. त्याने मान हलवली. सबंध वाटेत तो आईकडे पाठ करून उभा होता, आणि ती सुकाणूवरून त्याच्या पाठीकडे पाहत होती. बेट आलं तेव्हा तिची पेटी त्यानेच खांद्यावर घेतली, वाळूवरून चालत मानोंग बुर्स्योच्या दारापर्यंत नेली आणि त्याला म्हणाला, "ती मासळीचं डोकं खाते. दुसऱ्याला देते, पण तिला आवडतं."

"कळलं," म्हातारा म्हणाला.

पाद्री त्या बेटावर वर्षातून एकदा यायचा. तोवर थांबायचं आपलं वय नाही, असं नानाय सोरा म्हणाली आणि राहिली. पाद्री आला तेव्हा लग्नही झालं. तिला पोहोचवल्यावर, सांता क्लारा तिथंच ठेवून, आम्ही दोघं प्रवासी लाँचने परत आलो. त्या रात्री रुफिनो जेवला नाही, पण सकाळी उठून म्हणाला, "बांबू चांगले वाकवलेत हं त्याने."

ते दोघं सांता क्लारा घेऊन त्या बाजूच्या बेटांवर हिंडायचे. मडकी माझ्या वडिलांचीच, आम्ही आमच्या इंजिनाच्या होडीतून नेऊन द्यायचो. मला मुलं झाली, ती आजीकडे सुट्टीत जायची आणि शिव्या शिकून यायची. मानोंग बुर्स्यो आधी गेला. रुफिनो आईला आणायला गेला तर तिने त्याला जेवू घालून परत पाठवलं.

मी तिला शेवटचं भेटले तेव्हा ती फार वाळली होती. डोळ्यांना अंधुक दिसायचं. सकाळीच म्हणाली, "मला होडीवर ने." बेटावरच्या माणसांनी सांता क्लारा पाण्यात लोटली, मी तिला उचलून आत ठेवलं. पोत्याएवढीही नव्हती. मी सुकाणू घेतलं, ती माझ्या पायाशी बसली. वारं अगदी थोडं होतं, कुणालाच उलांडीवर जायची गरज नव्हती. शीड नीट ओढलं नाहीस म्हणून तिने मला एकदा बोल लावला. खाली पाणी इतकं स्वच्छ होतं की उलांडीची सावली तळच्या वाळूवरून आमच्याबरोबर चालताना दिसत होती. मी तिला ते सांगितलं. तिने मान हलवली. आम्ही बेटाला एक वळसा घातला आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत आलो.